ट्रेजनचा डॅन्यूबवरचा पूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा पूल नेमका कुठे होता?

आजच्या रोमानिया आणि सर्बियाच्या सीमेवर. डॅन्यूब नदी कार्पेथियन डोंगरांतल्या ‘आयर्न गेट्स’ नावाच्या अरुंद घळीतून बाहेर पडते आणि सपाटीला लागते, तिथून थोडं खाली. उत्तर काठावर रोमानियातलं द्रोबेता-तुर्नु सेवेरिन हे शहर, दक्षिण काठावर सर्बियातल्या क्लादोवोजवळचं कोस्तोल हे गाव. दक्षिण टोकाच्या रोमन ठाण्याचं नावच ‘पोन्तेस’ होतं, म्हणजे ‘पूल’. आपल्याकडे पुलाशेजारच्या वस्तीला पुलाचंच नाव पडतं, तसंच.

कधी बांधला आणि कोणी?

इ.स. १०३ ते १०५ या काळात, सम्राट ट्रेजनच्या हुकमावरून. आराखडा दमास्कसचा वास्तुविशारद अपोलोडोरस याचा. दगड-विटा रचणारे हात मात्र मुख्यतः सैनिकांचे. रोमन सैनिक लढाई नसेल तेव्हा रस्ते, भिंती, कालवे, पूल बांधत असे आणि विटाही स्वतःच भाजत असे. पुलाच्या परिसरात सापडलेल्या विटांवर तुकड्यांचे शिक्के आहेत. त्यात क्रीट बेटावरच्या तिरंदाजांची तुकडी आहे, हिस्पानियातली (म्हणजे आजच्या स्पेनकडची) आहे, ब्रिटनमधलीही आहे. ज्या वीटभट्टीवर भूमध्य समुद्रातला माणूस आणि ब्रिटनचा माणूस एकच चिखल मळत होते, तिथली भांडणं कोणत्या भाषेत होत असतील, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

एवढा खटाटोप कशासाठी?

डॅन्यूबच्या उत्तरेला डेशियाचं राज्य होतं. राजा डेकेबालस. हा साधासुधा टोळीप्रमुख नव्हता. ट्रेजनच्या आधी होऊन गेलेला सम्राट डोमिशियन याच्या काळात डेशियनांनी कॉर्नेलियस फुस्कस या सेनापतीला फौजेसकट बुडवलं होतं. पुढे इ.स. ८९ मध्ये तह झाला, पण रोमला तो झोंबणारा होता: डेकेबालसला दरवर्षी पैसे द्यायचे आणि वर कारागीरही पुरवायचे. म्हणजे रोमच्याच पैशांनी आणि रोमच्याच कारागिरांकरवी डेकेबालस आपले डोंगरी किल्ले भक्कम करत होता.

ट्रेजननं इ.स. १०१ मध्ये स्वारी केली. त्या हिवाळ्यात डेशियन आणि त्यांच्या मित्रटोळ्या उलट नदी ओलांडून दक्षिणेकडच्या रोमन मोएसिया प्रांतात घुसल्या. या युद्धांची चित्रं कोरलेला ट्रेजनचा विजयस्तंभ रोममध्ये आहे, त्यावर हा प्रसंग आहे, त्यात माणसं आणि घोडे नदीत बुडताना दिसतात. इ.स. १०२ मध्ये डेकेबालस शरण आला. शस्त्रं, यंत्रं आणि यंत्रं बनवणारे लोक परत करायचे, किल्ले पाडायचे, अशा अटी त्यानं मान्य केल्या. मान्य केल्या म्हणजे तोंडानं.

शतकभरानंतर लिहिणारा रोमन इतिहासकार कॅसियस डिओ कारण सांगतो ते असं : नदी गोठली की पलीकडे राहिलेल्या रोमन फौजेवर हल्ला होईल आणि तिला मदत पोचणार नाही, ही ट्रेजनला धास्ती होती. नदी गोठते तेव्हा नावा चालत नाहीत आणि बर्फावर फौजेचा भरवसा ठेवता येत नाही. वर्षातल्या कोणत्याही दिवशी गाड्या, खेचरं, धान्य, दगडफेकी यंत्रं पलीकडे नेता येतील अशी वाट हवी होती. हा पूल त्यासाठी.

नावांचा पूल चालला नसता का?

पहिल्या युद्धात तोच तर वापरला. नावा शेजारी शेजारी नांगरून वर फळ्या टाकायच्या, हे रोमनांच्या हातचं काम होतं. स्तंभावर सुरुवातीलाच असा पूल आणि त्यावरून चालणारी फौज दिसते. पण नावांचा पूल पुरात तुटतो, बर्फात चिरडतो आणि सतत डागडुजी मागतो. एका मोहिमेपुरता तो ठीक. पलीकडचा मुलूख कायमचा ताब्यात ठेवायचा असेल तर नाही.

म्हणून पक्क्या पुलाकडे मी जाहीरनामा म्हणून बघतो. तहाची शाई वाळायच्या आत दगडी खांब उभे राहायला लागले, यावरून दुसरं युद्ध होणार हे डेकेबालसला कळलं नसेल असं कसं म्हणावं?

पूल किती मोठा होता?

टोकापासून टोकापर्यंत साधारण ११३५ मीटर. तिथे नदीचं पात्र सुमारे ८०० मीटर रुंद आहे.

डिओची मापं : घडीव दगडांचे २० खांब, पाया सोडून उंची १५० फूट, रुंदी ६० फूट, दोन खांबांमधलं अंतर १७० फूट. रोमन फूट साधारण २९.६ सेंटिमीटरचा. हिशेब केला तर उंची ४४ मीटर, रुंदी जवळपास १८ मीटर, अंतर ५० मीटर. यातली अंतराची गोष्ट पटते, कारण एकूण लांबीला २१ गाळ्यांनी (दोन आधारांमधला एकेक टप्पा म्हणजे गाळा) भागलं की ५४ मीटर येतात. एका खांबाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत मोजलं असेल तर डिओ फारसा चुकलेला नाही. उंची मात्र फुगवलेली दिसते. पाण्यावर सुमारे १९ मीटर, असा आजचा अंदाज आहे.

डिओ नुसतं ऐकीव सांगत नसावा, हे लक्षात घ्यायला हवं. तो पुढे डॅन्यूबवरच्याच अप्पर पॅनोनिया प्रांताचा राज्यपाल होता आणि त्याच्या काळात खांब उभे होते. ट्रेजनची सगळी कामं एकीकडे आणि हा पूल एकीकडे, अशा सुरात तो लिहितो.

वाहत्या, खोल पाण्यात खांब उभे केले तरी कसे?

खरी करामत इथे आहे. चित्रांत सगळे वरच्या कमानींकडे बघतात, पण लाकडी कमानी कुशल सुतारांना जमण्यासारख्या होत्या. पाण्याखालचं काम तसं नव्हतं.

अडचण डिओनं नेमकी सांगितली आहे. पाणी खोल, भोवऱ्यांचं. तळ गाळाचा. प्रवाह दुसरीकडे वळवायला जागा नाही. पूल बांधायला सगळ्यांत अरुंद जागा निवडावी तर तिथेच पाणी सर्वांत जोरात, कारण वरचा पसरट प्रवाह तिथे आवळला जातो. म्हणजे लांबी वाचवली की खोली आणि वेग अंगावर येतात. पुलाची जागा ठरवताना हा पेच कुठल्याही अभियंत्याला आजही चुकत नाही.

अपोलोडोरसनं या पुलावर स्वतः लिहिलं होतं. सहाव्या शतकातला इतिहासकार प्रोकोपियस तर, पूल कसा बांधला ते अपोलोडोरसलाच विचारा, अशा थाटात पुढे सरकतो. ते लिखाण आज हरवलेलं आहे. त्यामुळे पद्धत आपल्याला रोमनांच्या इतर कामांवरून जुळवावी लागते.

विट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदानं पाण्यातल्या बांधकामाची रीत लिहून ठेवली आहे. ओकाच्या खुंटांची आणि फळ्यांची दुहेरी भिंत करून तात्पुरता बांध घालायचा. दोन भिंतींच्या मधल्या फटीत टोपल्यांनी चिकणमाती ठासायची. मग आतलं पाणी रहाट आणि पेचाच्या पंपांनी उपसायचं. तळ उघडा पडला की गाळ काढून घट्ट थरापर्यंत जायचं. घट्ट थर लागलाच नाही तर लाकडी खुंट ठोकून त्यावर पाया घ्यायचा. आजही पुलाच्या कामावर कॉफरडॅम म्हणतात तो हाच प्रकार, फक्त लाकडाच्या जागी पोलादी पत्रे आणि रहाटाच्या जागी डिझेलचा पंप.

दुसरी रीत, कोरड्याच्या नादी न लागता पाण्यातच काँक्रीट ओतण्याची. ज्वालामुखीची राख मिसळलेला चुना पाण्याखालीही घट्ट होतो, हे रोमनांना ठाऊक होतं. खांबांचा गाभा चुन्याच्या काँक्रीटचा आणि बाहेरून दगड-विटांचं कवच, असं उरलेल्या अवशेषांत दिसतं.

असे वीस खांब, आणि तीन वर्षांच्या आत. पुराचे महिने आणि बर्फाचे महिने वजा केले तर कामाला हंगाम थोडाच उरतो. तेव्हा एका वेळी अनेक खांबांवर काम चाललं असणार, आणि मनुष्यबळ अफाट असणार. ते सैन्याकडेच होतं.

वरचा भाग दगडी होता की लाकडी?

लाकडी. डिओ ‘दगडी पूल’ म्हणतो, कारण त्याच्या काळात दगडी खांबच दिसत होते. ट्रेजनच्या स्तंभावर वरचा भाग स्पष्ट आहे : दगडी खांबांवर लाकडी चौकटी, त्यांच्यावर चपट्या लाकडी कमानी, वर जाळीदार कठडा आणि पुढे उभा राहून देवाला नैवेद्य देणारा ट्रेजन. कमानी एकावर एक अशा अनेक तुळयांच्या आहेत, म्हणजे भार एकाच तुळईवर येत नाही.

पण स्तंभ म्हणजे फोटो नव्हे. शिल्पकारानं जागेअभावी वीस खांब पाचसहांवर आणले, प्रमाणं बदलली. त्यातून गाळ्याची अचूक रचना काढायला निघालेल्यांचे आपसांतले वाद कित्येक दशकं चालू आहेत.

लाकूडच का? वेळ कमी आणि गाळा रुंद. पन्नास मीटरच्या अंतरात दगडी कमान बांधायची तर तिच्याखाली तेवढंच मोठं लाकडी सेंट्रिंग भर नदीत उभं करायचं. त्यापेक्षा लाकडाचीच कमान करा. शिवाय दगडी कमानीचं वजन त्या गाळातल्या पायांनी पेललं असतं का, हाही प्रश्नच.

पुलाच्या आधी त्या भागात काही तयारी झाली होती का?

भरपूर. आयर्न गेट्सच्या घळीत काठावरून चालायला जागा नव्हती. तिथे कडा फोडून रस्ता काढला, जिथे कडा फोडणं शक्य नव्हतं तिथे खडकात तुळया खोचून पाण्यावर लटकती वाट केली. हे काम इ.स. १०० मध्ये पुरं झालं, त्याचा लेख ‘ताबुला त्रायाना’ म्हणून प्रसिद्ध आहे. ‘डोंगर कापून रस्ता केला’ असा त्याचा मतलब.

दुसरं काम कालव्याचं. नदीतल्या खडकाळ धबधब्यांमुळे जहाजं फुटत. इ.स. १०१ मध्ये प्रवाहाचा एक भाग बाजूनं वळवून जहाजांना सुरक्षित वाट दिली. त्याचा शिलालेख थेट १९६९ मध्ये सापडला. तोवर अनेकांना ही गोष्ट बढाई वाटत होती. ट्रेजनच्याच काळातला रोमन लेखक धाकटा प्लिनी डेशियाच्या युद्धावर काव्य लिहू पाहणाऱ्या मित्राला पत्र लिहितो, त्यात ‘जमिनीत सोडलेल्या नव्या नद्या आणि नद्यांवर टाकलेले नवे पूल’ असा उल्लेख आहे. कविकल्पना वाटावी असं वाक्य, पण कालवा आणि पूल दोन्ही खरे निघाले.

रस्ता, कालवा आणि पूल ही मला तरी एकाच योजनेची तीन कामं वाटतात. नुसता पूल बघितला तर तो हवेत लटकल्यासारखा दिसतो.

पुलाचा उपयोग झाला का?

लगेच झाला. डेकेबालसनं तह मोडला, किल्ले पुन्हा उभारले, पळून आलेल्या रोमन सैनिकांना आसरा दिला. इ.स. १०५ मध्ये दुसरं युद्ध पेटलं. डेकेबालसनं फितुरांकरवी ट्रेजनला मारायचा प्रयत्न केला, तो फसला. मग लाँजिनस या रोमन अधिकाऱ्याला बोलणीच्या निमित्तानं बोलावून कैद केलं आणि त्याच्या सुटकेच्या बदल्यात डॅन्यूबपर्यंतचा मुलूख आणि युद्धखर्च मागितला. लाँजिनसनं विष घेतलं आणि राजाच्या हातातलं प्यादं काढून टाकलं.

त्यानंतर ट्रेजन याच पुलावरून गेला. इ.स. १०६ मध्ये राजधानी सार्मिझेगेतुसा पडली. डेकेबालसनं पकडलं जाण्याआधी स्वतःचा गळा चिरला. त्याच्यापर्यंत पोचलेल्या घोडेस्वाराचं नाव टायबेरियस क्लॉडियस मॅक्सिमस. त्याचा थडग्याचा दगड ग्रीसमध्ये सापडला आहे आणि त्यावर हा प्रसंग कोरलेला आहे. नदीचं पात्र वळवून खाली पुरलेला राजाचा खजिनाही रोमनांच्या हाती लागला. डेशिया रोमन प्रांत झाला.

मग पूल पाडला कोणी? शत्रूनं?

नाही, रोमनांनीच. ट्रेजननंतर गादीवर आलेल्या हेड्रियननं वरचा लाकडी भाग काढायला लावला, असं डिओ सांगतो. कारण : पलीकडच्या टोळ्यांनी पहारेकऱ्यांना मारलं तर याच पुलावरून त्या सरळ मोएसियात उतरतील.

ट्रेजनला जी वाट आपली वाटली, तीच हेड्रियनला शत्रूची वाटली. पूल तोच, नदी तीच. हेड्रियनला भित्रा ठरवणं सोपं आहे, पण त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. खांब तसेच ठेवले, फक्त लाकूड काढलं. हवं तेव्हा परत टाकता येईल. गडाचा खंदकावरचा पूल रात्री ओढून घेतात, त्यातलाच हा मोठा प्रकार.

डेशिया त्यानंतरही दीडशे वर्षं रोमकडे राहिला. इ.स. २७० नंतरच्या काही वर्षांत सम्राट ऑरेलियननं तो सोडून फौज नदीच्या अलीकडे आणली, आणि पलीकडे जायची गरजच संपली.

हेड्रियननं अपोलोडोरसला ठार मारलं, हे खरं का?

डिओ तसं लिहितो. गोष्ट रंगतदार आहे : ट्रेजन आणि अपोलोडोरस कामाची चर्चा करत असताना तरुण हेड्रियन मध्ये बोलला. अपोलोडोरस म्हणाला, ‘जा, तुझे भोपळे काढत बस.’ हेड्रियनला घुमटांची चित्रं काढायचा नाद होता, त्यावर हा टोमणा. पुढे सम्राट झाल्यावर हेड्रियननं आपल्या देवळाचा आराखडा त्याला पाठवला, तर यानं उत्तर दिलं की आतल्या देव्या उठून उभ्या राहायचं म्हणतील तर छताला डोकं आपटेल. म्हणे यावरून आधी हद्दपारी, मग मृत्यू.

बरेच अभ्यासक हे खरं मानत नाहीत. डिओला हेड्रियनविषयी प्रेम नव्हतं. मला भोपळ्याची गोष्ट खरी वाटते आणि खुनाची नाही. पण हे माझं मत झालं.

ट्रेजनच्या नाण्यावर हाच पूल आहे ना?

सर्रास तसं म्हणतात. नाण्यावर एकच मोठी कमान, दोन्ही टोकांना बुरूज आणि खाली नाव आहे. वीस खांब कुठेही नाहीत. तो रोममधलाच एखादा पूल असावा, असंही मत आहे. नाणं दाखवून ‘हा पुरावा’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

सीझरचा पूल, अल्कांताराचा पूल आणि हा एकच का?

तिन्ही वेगळे. ज्युलियस सीझरनं इ.स.पू. ५५ मध्ये ऱ्हाईनवर दहा दिवसांत खुंटांचा लाकडी पूल टाकला, अठरा दिवस पलीकडे राहिला आणि परतताना तोडून टाकला. स्पेनमधल्या अल्कांताराचा दगडी पूल ट्रेजनच्याच काळातला आहे आणि अजून उभा आहे, पण तो तागुस नदीवर. डॅन्यूबवरच आणखी खाली कॉन्स्टंटाइननं इ.स. ३२८ मध्ये दुसरा पूल बांधला, तो याहून लांब, सुमारे २४३७ मीटर.

आज काय उरलं आहे?

दोन्ही काठांवरचे टोकाचे दगडी ढाचे उघड्यावर दिसतात. मधले खांब पाण्याखाली.

१८५६ मध्ये डॅन्यूबची पातळी विलक्षण खाली गेली तेव्हा वीसही खांबांचे बुंधे दिसले होते. १९०६ मध्ये डॅन्यूबच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं जहाजांना अडथळा म्हणून दोन खांब उडवले. १९३२ मध्ये सोळा मोजले गेले, १९८२ मध्ये बारा. अठराशे वर्षांत नदीनं जे केलं नाही, त्यातलं बरंचसं विसाव्या शतकात झालं.

आयर्न गेट्सच्या धरणात पूल बुडाला का?

नाही. १९७२ मध्ये पुरं झालेलं पहिलं धरण पुलाच्या जागेच्या वरच्या बाजूला आहे. त्या जलाशयात ट्रेजनचा काठचा रस्ता बुडाला आणि ‘आदा काले’ हे तुर्की वस्तीचं बेटही बुडालं. ताबुला त्रायाना मात्र खडकासकट कापून वीसेक मीटर वर चढवली. आज ती नावेतून दिसते. जवळच समोरच्या रोमानियन काठावर डेकेबालसचा अवाढव्य चेहरा कड्यात कोरलेला आहे. तो प्राचीन नाही, २००४ मध्ये पुरा झाला. जिंकणाऱ्याची पाटी एका काठावर आणि हरलेल्याचं थोबाड दुसऱ्या काठावर.

भारताशी काही संबंध?

पुलाशी नाही, पण काळाशी आहे. डेशिया जिंकून ट्रेजन रोमला परतल्यावर त्याच्याकडे जे वकील आले, त्यांत भारतातलेही होते असं डिओ सांगतो. पुढे इराणच्या आखातावर पोचल्यावर भारताकडे निघालेलं जहाज बघून ट्रेजन म्हणाला, वय असतं तर मीही गेलो असतो. त्या शतकात आपल्याकडे सातवाहनांचं राज्य होतं आणि रोमचा माल पश्चिम किनाऱ्यावर उतरून घाट चढत होता. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची काशाची मूर्ती त्याच व्यापाराची.

बघायला जायचं तर?

रोमानियाच्या बाजूला द्रोबेता-तुर्नु सेवेरिनला संग्रहालय, रोमन ठाण्याचे अवशेष आणि पुलाचं टोक शेजारी शेजारी आहेत, तिथे आधी जा. सर्बियाच्या बाजूचं टोक कोस्तोलला. क्लादोवोत जेर्दापचं (आयर्न गेट्सचं सर्बियन नाव) पुरातत्त्व संग्रहालय आहे. दोन देश असल्यानं दोन्हीकडचे व्हिसाचे नियम आधी बघून घ्या.

आणि एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जायचं असेल तर वेळ हाताशी ठेवा. त्या जागी आज पूल नाही. नदीच्या वरच्या अंगाला जायचं, धरणाच्या भिंतीवरून पलीकडे उतरायचं, दोन चौक्यांवर पासपोर्ट दाखवायचा आणि तेवढंच अंतर परत खाली यायचं.